पुढच्या रांगेतले किडे

१

पिवळ्या झाकणांच्या पेट्यांतले किडे उपाशी मेले, आणि तेही पानांच्या ढिगावर बसून. ताट भरलेलं आणि पोट रिकामं. जे उरले ते काडीसारखे झाले. निळ्या झाकणांच्या पेट्यांतले त्यांचे भाऊबंद मात्र खाऊनपिऊन गलेलठ्ठ. दोन्हीकडची माती एक, पाणी एक, खोली एक. फरक होता तो पानांचा. एका रंगाच्या पेट्यांत साध्या मक्याची वाळकी पानं होती, तर दुसऱ्या रंगाच्या पेट्यांत त्या नव्या मक्याची, ज्याच्या अंगातच अळी मारणारं जनुक बसवलेलं आहे. कुठल्या रंगाखाली कुठला मका हे प्रयोगशाळेत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माहीत असलं की माणसाचा हात नकळत इकडेतिकडे होतो. ते गुपित, या मक्याला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या परवाना समितीजवळ होतं. किडे मेल्यावर समितीने ते उघड केलं. पिवळं म्हणजे नवा मका.

मग वर्तमानपत्रांना आयतंच कोलीत मिळालं. नवा मका खाल्ला की मातीतल्या किड्यांच्या पोटातले जीवाणू मरतात, जीवाणू मेले की पचन थांबतं, आणि किडेच संपले तर पालापाचोळ्याची माती करणार कोण, असं जिकडेतिकडे छापून आलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्या सरांचा फोटो पहिल्या पानावर झळकला. ती शाई वाळते न वाळते तोच दुसऱ्या एका संस्थेने तोच प्रयोग करून जाहीर केलं, की आमचे किडे दोन्ही पानांवर मजेत आहेत.

त्याच पानावर इथे मरण आणि तिथे मेजवानी, हे काही खरं नव्हे. इथे कुणीतरी पेट्यांशी खेळ केला होता. तो कुणी, हे सरांनी ठरवूनही टाकलं होतं.

"आज दुपारी समिती येतेय, आणि सर त्यांच्यासमोर माझं नाव घेणार आहेत," भाची म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली होती आणि तिचा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता.

तिची मावशी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होती. मावशी म्हणजे जन्मभर एका मोठ्या इस्पितळात पोटाच्या विकारांची डॉक्टरीण. तिथल्या परिचारिका तिला मागून 'भिंगरी' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. निवृत्ती तिच्या अंगाला लागलीच नाही. खुर्ची दिसली की ती तिच्याभोवती फिरे, बसत नसे. आईच्या माघारी भाचीला हिनेच वाढवलं होतं. माय मरो पण मावशी जगो, ही त्या घरात नुसती म्हण नव्हती.

नाव घेतलं तर काय होईल, असं मावशीने विचारलं. भाची म्हणाली, प्रबंध रद्द होईल, आणि पुन्हा कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. या धंद्यात चुकलेल्याला माफी असते, खोटं करणाऱ्याला नसते.

डॉक्टरीणबाई थांबल्या. कुठे दुखतंय हे रोग्याला विचारावं तितक्या सरळपणे त्यांनी विचारलं, "तू केलंयस का?"

भाचीचा पाय थांबला. "नाही," ती म्हणाली. "पण मावशी, ते करू शकेल असं माणूस तिथे मी एकटीच होते."

२

कारण साधं होतं. पेट्यांसाठी पानं कापायचं काम भाचीचं. झाकणाचा रंग म्हणजे काय हे कुणाला कळू नये म्हणून समितीने पानांच्या पोत्यांनाही पिवळ्या-निळ्या फिती बांधल्या होत्या. पण पानांना कोण गप्प बसवणार? निळ्या पोत्यातली पानं अळ्यांनी ठिकठिकाणी कुरतडलेली होती आणि पिवळ्या पोत्यातल्या पानांवर एक भोक नव्हतं. ज्या पानाला अळी तोंड लावत नाही ते नव्या मक्याचं, हे पोरटोरही सांगेल. म्हणजे गुपित भाचीपुरतं पहिल्या दिवशीच फुटलं होतं. त्यात भर म्हणजे ती एका जाहीर सभेत या मक्याच्या विरोधात तावातावाने बोलली होती. मका बदनाम व्हावा असं तिला वाटत होतं आणि बदनाम करायच्या पेट्या कुठल्या हे तिला ठाऊक होतं. सरांनी दोन अधिक दोन चार केले. कुणीही केले असते.

प्रयोगशाळा ज्या संस्थेची, तिच्या संचालकांचं पोट डॉक्टरीणबाईंनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. त्यांनी पथ्य मोडल्याची सगळी प्रकरणं बाईंना तोंडपाठ होती, त्यामुळे पेट्या बघायच्या म्हटल्यावर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. समिती येईपर्यंत काय पाहायचं ते पाहा, असं म्हणून त्यांनी किड्यांच्या खोलीची किल्ली काढली आणि स्वतःच सोबत आले. भाचीची किल्ली महिन्याभरापूर्वी काढून घेतली होती. त्यानंतर ती आज पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल टाकत होती.

खोलीची एक भिंत सबंध काचेची होती. काचेपलीकडे रुंद मार्गिका, पाहुण्यांना लांबून किडे दाखवायला केलेली. काचेला लागून पिवळ्या झाकणांची रांग, तिच्यामागे निळ्या झाकणांची. हवा गार ठेवणारं यंत्र एकसुरात घरघरत होतं आणि मधेच धाप लागल्यासारखं थबकत होतं. ते थबकलं की तिघंही दचकून वर बघत.

भाचीने एक निळं झाकण उघडलं. आत ओल्या मातीवर पैसाकिडे सरपटत होते, म्हणजे असंख्य पायांचे, बोटाएवढे, हात लावताच नाण्यासारखं वेटोळं करणारे. त्यांच्याविषयी बोलायला लागली की तिचा चेहरा उजळे. त्यांना वाळकं पान स्वतःहून पचवता येत नाही, पोटातले जीवाणू ते पचवून देतात, असं तिने सांगितलं. आणि खाण्याच्या बाबतीत हे अगदीच निर्लज्ज, ती हसून म्हणाली, पान खातात ते खातातच, वर आपल्याच लेंड्याही परत खातात. संचालकांनी पोटावर हात ठेवला.

मग तिने पिवळं झाकण उघडलं आणि तिचं हसू गेलं. आत राईच्या दाण्यांसारख्या काळ्या लेंड्या मातीभर पसरल्या होत्या. तिने दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच.

"मावशी, या पेट्यांत लेंड्या जवळजवळ नव्हत्याच. हे खातच नव्हते, तर टाकणार काय?" तिने चिमट्याने एक पान उचललं. पानाची नुसती जाळी उरली होती, शिरा तेवढ्या शिल्लक. "आणि हे आता जेवतायत. त्याच पानावर."

डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड दाबला आणि संचालकांकडे पाहून गोड हसल्या. मरणाऱ्या रोग्याला कुणी औषध दिलं नाही आणि तो उठून बसला, असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणीतरी औषध दिलंच होतं.

३

सर खुर्चीतून उठून उभे राहिले, बाईंना बसायला सांगितलं. बाई अर्थातच बसल्या नाहीत; त्या पुस्तकांच्या कपाटासमोर फिरत राहिल्या आणि सरांची मान त्यांच्यामागे इकडून तिकडे वळत राहिली.

माणूस सज्जन होता. आवाज मऊ, केस विंचरलेले, टेबलावर पहिल्या पानाची ती बातमी चौकटीत बसवलेली. भाचीविषयी ते कळवळून बोलले. इतकी हुशार मुलगी त्यांच्या हाताखाली आली नव्हती, तिला स्वतःच्या लेकीसारखं शिकवलं होतं. पण माणसाचा एखाद्या गोष्टीवर फार विश्वास बसला की पुराव्याला जरा धक्का द्यायचा मोह होतो. तिने पिवळ्या पेट्यांत जीवाणू मारणारं औषध शिंपडलं असणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

मातीत औषध सापडलं का, असं बाईंनी विचारलं. नाही सापडलं, सर म्हणाले, विरून गेलं असेल. माती तपासली ती कधी? किडे मरायला लागले त्याच आठवड्यात. इतक्या लवकर विरतं? सरांनी खांदे उडवले.

"तुम्ही पेट्या स्वतः बघितल्यात ना?" ते म्हणाले. "ओलावा, पानं, लेंड्या, सगळं दोन्ही रांगांत सारखं आहे. आमच्या निगराणीत काही खोट नाही."

बाईंनी मान डोलावली. समितीसमोर तिचं नाव घ्यायलाच हवं का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. नाव नाही घेतलं तर संशय सगळ्या प्रयोगशाळेवर राहतो, असं सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ते झोपेअभावी आलं होतं, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

जिन्यात भाची वाट बघत उभी होती. सर काय म्हणाले, असं तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात अजूनही आशा होती. बाईंना तिचा राग आला, कीव आली, आणि त्याहून जास्त, आपल्याला उलगडा होणार नाही याची भीती वाटली. कारण सरांच्या बोलण्यात काहीतरी खुपलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. दातात अडकलेल्या तुसासारखं ते जिभेला लागत होतं, हाती येत नव्हतं.

४

वरच्या मजल्यावर आकडेभाऊ बसायचा. प्रयोगाची आखणी आणि हिशोब त्याचा. बाईंना बघताच तो म्हणाला, की मी पूर्वी बियाण्याच्या कंपनीत होतो हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. बाई म्हणाल्या, सांगितलं. मग त्याने रागारागाने विचारलं, की कंपनीच्या मिठाला मला जागायचं असतं तर मी नव्या मक्यावरचे किडे जगवले असते का मारले असते? हे मात्र बिनतोड होतं.

किड्यांच्या खोलीत तू शेवटचा कधी गेलास, असं बाईंनी विचारलं. तो ओशाळला. कधीच नाही. एवढे पाय एका प्राण्याला असावेत हे त्याला बघवत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण आखणी त्याने चोख केली होती. खोलीत कुठे ऊन लागतं, कुठे गार वारा लागतो. म्हणून पिवळ्या आणि निळ्या पेट्या एकमेकींत मिसळून ठेवायच्या, असं त्याने पहिल्याच बैठकीत बजावलं होतं.

"त्या मिसळलेल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पिवळ्या सगळ्या पुढे, निळ्या सगळ्या मागे."

आकडेभाऊ हळूच म्हणाला, "असं कुणी केलं?"

ते बाईंना खालच्या मजल्यावर कळलं. तिथे पाहुणेबाई बसत. शाळांच्या सहली, अधिकारी, देणगीदार, वार्ताहर, जो येईल त्याला काचेच्या मार्गिकेतून फिरवून आणणं हे त्यांचं काम, आणि त्या ते मन लावून करत. टेबल आरशासारखं लखलखत होतं. टेबलाचा खण मात्र इतका कोंबलेला, की तो बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी गुडघा टेकवून धरला होता. रांगा लावायची कल्पना माझीच, त्या अभिमानाने म्हणाल्या. पिवळा रंग काचेतून काय खुलतो! सरांना विचारलं, ते लावा म्हणाले.

तुम्ही पेट्यांना हात लावता का, असं बाईंनी विचारलं. पाहुणेबाईंनी कानांवर हात ठेवले. छे, शास्त्रज्ञांच्या कामात मी कशाला हात घालू?

बाई फिरत फिरत टेबलाच्या मागे आल्या. पेनांच्या पेल्यात पेनांबरोबर एक कुंचला होता, गालांना रंग लावायचा असतो तसा मऊ, जाड केसांचा. त्याच्या केसांत काळी माती बसली होती. कुंचल्याकडे बघता बघता बाईंच्या दातातलं ते तूस एकदम सुटलं. आपण सकाळपासून प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

"पेट्या आवरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"ते मीच की," पाहुणेबाई म्हणाल्या, जणू यात विचारायचं काय. "पाहुणे यायच्या आधी पुढची रांग रोज झटकून घ्यायचे. ती काळी घाण काचेतून इतकी वाईट दिसते."

पुढचा प्रश्न बाईंच्या ओठांवर होता, पण तेवढ्यात फोन वाजला. समितीची गाडी फाटकाशी आली होती.

५

संचालकांनी समितीला चहापाण्यात गुंतवलं आणि बाकीच्यांना आपल्या खोलीत बोलावलं. ते स्वतः पोट धरून बसले होते. सर खिडकीशी, आकडेभाऊ दाराशी, पाहुणेबाई खुर्चीच्या टोकावर, भाची भिंतीला टेकून. टेबलावर बाईंनी एक पिवळी पेटी आणून ठेवली होती आणि शेजारी कागदी पट्ट्यांची डबी.

"औषध कुणी शिंपडलं नाही," बाई फिरता फिरता बोलू लागल्या. "मक्यानेही काही केलं नाही. हे किडे लेंड्या खातात ते निर्लज्जपणाने नव्हे. पोटातले जीवाणू लेंडीतून बाहेर पडतात आणि लेंडीतूनच परत पोटात जातात. ती वाट बंद झाली की जीवाणू संपले, आणि भरल्या ताटावर उपास. माझ्या इस्पितळात आम्ही असे रोगी बरे केलेत. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू आत सोडून बरे केले, हे नातेवाइकांना सांगताना मोठी पंचाईत व्हायची, एवढंच."

मग त्यांनी आवराआवरीची गोष्ट सांगितली. घरी पाहुणे यायचे म्हटले की आपण पुढची खोली झाडून घेतो, आतली तशीच ठेवतो. इथेही पुढची रांग आवरली गेली आणि मागची राहिली. मागच्या रांगेतले किडे आपल्या घाणीत सुखाने जगले. पिवळा रंग नेमका पुढे लावलेला, म्हणून दोष मक्यावर आला. रंगाचं गुपित कळायची कुणाला गरजच नव्हती. आणि आवरणं हे काम आहे असं कुणालाच वाटत नसल्यामुळे ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

पाहुणेबाईंच्या हातातला रुमाल पिळवटला होता. म्हणजे मी मारले, त्या पुटपुटल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण नंतर कुणाला तरी कळलं. कारण आता पिवळ्या पेट्या लेंड्यांनी भरल्यात. एवढ्या लेंड्या टाकायची त्या काड्यांची ताकद नव्हती. त्या दुसरीकडून आणून टाकल्यात."

सर शांतपणे म्हणाले, की हा नुसता तर्क आहे. किडे आपोआप सुधारले असतील.

"म्हणून तर या पट्ट्या," बाई म्हणाल्या. नवा मका अळी मारायला जे विषारी प्रथिन तयार करतो, ते ओळखणाऱ्या त्या पट्ट्या होत्या. गरोदरपणाची चाचणी घरी करतात तशा. पाण्यात कुस्करलेल्या वस्तूत पट्टी बुडवायची. साधा मका असेल तर एक रेघ, नवा असेल तर दोन. भाचीवर आळ होता, म्हणून काम आकडेभाऊला दिलं. तो बिचारा हात लांब करून, मान फिरवून, चिमट्याने एकेक गोष्ट उचलत होता. आधी पिवळ्या पेटीतलं पान. दोन रेघा. बरोबर. मग त्याच पेटीतल्या लेंड्या, एकेक वेगळ्या वाटीत. यंत्राची घरघर या खोलीपर्यंत ऐकू येत होती.

पहिलीला एक रेघ. दुसरीला एक रेघ. तिसरीलाही एकच.

"पोटात गेल्यावर प्रथिन पचून जातं," सर म्हणाले. "रेघ दिसणारच नाही."

चौथ्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. आकडेभाऊने ती वर धरली. त्याच पेटीतली, पण ही लेंडी तिथल्याच किड्याची होती, आणि रेघ दिसत होती. बाकीच्यांच्या मालकांनी नवा मका चाखलाच नव्हता. त्या मागच्या रांगेतून आल्या होत्या.

"कुणी आणल्या?" संचालकांनी विचारलं.

"आकडेभाऊ त्या खोलीत पाय ठेवत नाही. पाहुणेबाईंना ती घाण वाटते, त्या काढतील, घालणार नाहीत. माझ्या भाचीकडे किल्ली नव्हती. आणि असती तरी लेंड्या नाहीशा होतायत हे तिला कळतं तर तिने छतावर चढून ओरडून सांगितलं असतं. त्यानेच तर ती सुटणार होती. ते लपवण्यात तिचा काय फायदा?" बाई चालायच्या थांबल्या. "पोटाच्या रोग्याला मी काहीही विचारायच्या आधी जो म्हणतो, डॉक्टर, मी बाहेरचं काही खाल्लेलं नाही, त्याने हमखास खाल्लेलं असतं. खाई त्याला खवखवे. सर, मी तुम्हाला औषधाबद्दल विचारत होते. लेंड्यांबद्दल मी एक अक्षर काढलं नव्हतं. दोन्ही रांगांत त्या सारख्या आहेत, हे तुम्हीच मला सांगितलंत."

मग पाहुणेबाई खाली बघत म्हणाल्या, "आता पुढची रांग झटकू नका, असं मला सरांनी सांगितलं. का ते नाही सांगितलं."

६

सरांनी नाकारलं नाही. त्यांचे खांदे खाली आले आणि ते खिडकीच्या कठड्यावरच बसले. एका सकाळी मार्गिकेतून जाताना त्यांना पाहुणेबाईंच्या हातात कुंचला दिसला, आणि त्याच क्षणी सगळं कळलं. पण तोवर फोटो पहिल्या पानावर छापून आला होता. व्याख्यानांची बोलावणी आली होती. जन्मभर ज्या किड्यांना कुणी विचारलं नाही त्यांच्याबद्दल लोक पहिल्यांदाच ऐकत होते. मग दुसऱ्या संस्थेचा निकाल आला आणि कुणाचं तरी नाव घेणं भाग पडलं.

भाची भिंतीपासून पुढे आली. तिच्या पायांची चुळबुळ थांबली होती.

"लेंड्या परत टाकल्यात की ते जगतील, हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "नुसतं झटकणं थांबवलं असतंत तरी लपलं असतं. मग टाकल्यात कशाला?"

"मरताना बघवेना मला," सर म्हणाले. "त्यांचे हाल बघवेनात."

"आणि माझे?"

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. लेकीसारखं शिकवलं असं सर म्हणत, आणि तिने ते खरं मानलं होतं. सर उठले, संचालकांना म्हणाले की समितीला मी स्वतः सांगतो, आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

बातमी मार्गिकेत पोहोचायला वेळ लागला नाही. समितीबरोबर बियाण्याच्या कंपनीचा एक प्रतिनिधी आला होता. तो भाचीचा हात हातात घेऊन म्हणाला, की आमचा मका निर्दोष सुटला, तुमचे उपकार झाले. भाचीने हात सोडवून घेतला.

"मक्याने हे किडे मारले नाहीत, एवढंच कळलंय," ती म्हणाली. "बाकी आम्हाला काहीच माहीत नाही. पेट्या मिसळून, झाडू न लावता, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तोपर्यंत वाईटही म्हणू नका आणि चांगलाही म्हणू नका."

समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, मग आधी ते किडे तरी दाखवा. हे ऐकताच पाहुणेबाई सवयीने कुंचला घेऊन पुढे धावल्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तिथेच खिळल्या. भाचीने त्यांच्या हातातून कुंचला हळूच काढून घेतला.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "आहे तसंच बघू देत."

समिती काचेला नाक लावून उभी राहिली. आत काळ्या लेंड्यांच्या पसाऱ्यात किडे सावकाश फिरत होते. एकाने पानाची कड धरली आणि कुरतडायला सुरुवात केली.

मागे मार्गिकेत पाहुण्यांसाठी एक बाक होता. डॉक्टरीणबाई भाचीजवळ गेल्या आणि वाईट वाटतंय का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. हो, ती म्हणाली, सरांचं वाटतंय. आणि खरं सांगायचं तर त्या मक्याचंही. तो दोषी निघायला हवा होता मला. मग तिने मावशीचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. बाई उठल्या नाहीत. समिती निघेपर्यंत त्या दोघी तिथेच बसून राहिल्या.